बाजूला बसली आहे

मुलींच्या हॉस्टेलच्या दारात आलेल्या माणसाला मी "ती आंघोळीला गेली आहे" असं सांगितलं, तर त्याचे दोन अर्थ असायचे. एक म्हणजे ती खरंच आंघोळीला गेली आहे. दुसरा म्हणजे तिला तुम्हाला भेटायचं नाही. ऐकणाऱ्याने आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यावा. बरेच जण घ्यायचेही. थोडा वेळ बाकावर बसायचे, पंख्याकडे बघायचे आणि "बरं, मी येऊन गेलो म्हणून सांगा" म्हणत उठायचे.

सगळे मात्र असे नसायचे. एका मुलीचे काका होते, हातात फणस घेऊन आले होते. मी आंघोळीचं सांगितलं, तसे ते पाय पसरून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काय हो मावशी, मुंबईत पाणी कमी असतं म्हणतात ना? मग एवढी कसली आंघोळ?"

मी म्हटलं, "केस धुतेय."

"म्हणजे केस वाढवले वाटतं तिने. छान झालं."

मुलीने त्याच आठवड्यात मानेपर्यंत केस कापले होते. फणस ठेवून काका गेले, आणि घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं की पोरगी केस वाढवतेय. पुढच्या सुट्टीत त्या मुलीचं काय झालं असेल ते मला ठाऊक नाही. मला तो फणस मात्र नीट खाता आला नाही.

हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले. पुढे लिहायचं कामच पडलं नाही, पण वाचत राहिले. मुली सुट्टीला जाताना मासिकं, दिवाळी अंक टाकून जायच्या, ते मी घरी न्यायचे. त्यात लोक आपापल्या कामाबद्दल लिहितात. डॉक्टर लिहितात, बँकेतले लिहितात. ते सगळे शेवटी आपल्याला काय कळलं ते सांगतात. मी मुलुंडच्या या हॉस्टेलात इतकी वर्षं काम केलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि मला एक गोष्ट अजून कळलेली नाही. म्हणून लिहून बघते.

मी तिथे लागले तीच चुकून. भांडुपच्या आमच्या शेजारणीने सांगितलं, "मुलुंडला मुलींच्या कॉलेजात बाई पाहिजे म्हणतात, जा." मी गेले. तिथल्या क्लार्कला म्हटलं, "बाई पाहिजे म्हणून आले." त्याने मला नीट साड्या नेसलेल्या चार बायकांच्या रांगेत बसवलं. आत बोलावल्यावर टेबलामागच्या तीन मॅडमपैकी एकीने विचारलं, "विषय कोणता?"

मी म्हटलं, "सगळं करते. भांडी सोडून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भांडी का सोडून?"

"हाताला चिरा पडतात."

तिघीही हसल्या, पण वाईट नाही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मला हॉस्टेलात घेतलं. तिथे शिकवणारी ती बाई, केर काढणारी ती बाई, आणि बाहेरच्या खोलीतल्या फोटोत बसलेल्या त्या मोठ्या बाई. मुली ही गडबड नको म्हणून मला मावशी म्हणू लागल्या.

मोठ्या बाईंना मी पाहिलेलं नाही. मी जन्मायच्या आधीच त्या गेल्या. त्यांनी पहिल्यांदा घाटकोपरला दोन खोल्यांत मुलींसाठी कॉलेजचे वर्ग काढले. तेव्हा लोक म्हणायचे, मॅट्रिक झाली ना, आता हिला आणखी शिकवून काय करायचंय? बाई घरोघर जाऊन बापांच्या समोर बसायच्या आणि हो म्हणेपर्यंत उठायच्या नाहीत, असं सांगतात. पुढे मुलुंडला कॉलेज झालं आणि बाहेरगावच्या मुलींसाठी हे हॉस्टेल.

त्यांच्या जयंतीला दरवर्षी भाषणं व्हायची. मी मागे चहाच्या टेबलाशी उभी राहून ऐकायचे. एक गोष्ट प्रत्येक जण सांगायचा. बाईंच्या पहिल्या मुलींपैकी एक जण पाळी आली म्हणून घरी बाजूला बसली आणि तिची परीक्षा बुडाली. तेव्हा बाईंनी ठरवलं की आपल्या हॉस्टेलात कोणीही बाजूला बसणार नाही. सगळ्या एकाच पंगतीत जेवतील, सगळ्या स्वयंपाकघरात येतील. कोणी म्हणायचं, बाईंनी त्या मुलीला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या ताटात जेवायला बसवलं. कोणी म्हणायचं, ती मुलगी म्हणजे बाई स्वतःच. खरं काय ते मला कळलं नाही, पण नियम खरा होता. आमच्या हॉस्टेलात "मला शिवू नका" हे कोणी म्हणायचं नाही.

मला हे सुरुवातीला जड गेलं. माझ्या घरी सासूबाई होत्या. महिन्याचे ते दिवस आले की घरी मी कोपऱ्यात, माझी चटई वेगळी, पेला वेगळा. आणि सकाळी कामावर गेले की तीच मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोळ्यांचा डबा उचलतेय. पहिल्यांदा डबा उचलून पुन्हा खाली ठेवला. वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. आमटीही नासली नाही. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चटईवर बसले. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. अशी मी कित्येक वर्षं दोन्हीकडे वेगवेगळी वागले.

आणि दुसरंही सांगते, कारण हे कोणी वाचणार नाही. घरी ते चार दिवस मला बरे वाटायचे. कोणी पाणी भरायला सांगायचं नाही, चुलीशी उभं राहावं लागायचं नाही. वर्षभरात तेवढंच बसायला मिळायचं. हॉस्टेलात असताना कधी कधी पाठ भरून यायची आणि मनात यायचं, मोठ्या बाईंनी हेही काढून घेतलं. मग फोटोकडे बघायची लाज वाटायची.

हॉस्टेलातलं माझं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. केर, पाण्याच्या टाकीवर लक्ष, आजारी मुलीला पेज, हे तर होतंच. पण खरं काम दारातलं. रस्त्याकडचं फाटक वॉचमन बघायचा, आतलं दार माझं. पाहुणा आला की त्याला बाहेरच्या खोलीत बसवायचं, वर जाऊन मुलीला हळूच सांगायचं कोण आलंय, आणि तिचं तोंड बघायचं. तोंडावरून कळतं. मग खाली येऊन एक तर "येतेय" म्हणायचं, नाही तर आंघोळीचं सांगायचं. हा नियम कोणी मला शिकवला नाही. माझ्या आधीच्या मावशी तसं करायच्या, मीही केलं.

सुप्रिया बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. कुडाळकडची. मीही कणकवलीची, म्हणून ती माझ्याशी कधी कधी मालवणीत बोलायची. नाही तर कॉलेजात पुढे पुढे, बोलणं फटाफट. पाळीबद्दल मुली बोलत नाहीत, लपवतात, यावर तिने मोठं पोस्टर रंगवलं होतं आणि जयंतीच्या दिवशी हॉलच्या दारात लावलं होतं. मला म्हणाली होती, "मावशी, तुम्ही त्याला 'अडचण' म्हणता ना, ते बंद करा बघू. कसली अडचण?" मी म्हटलं, "बरं बाई." पण दुसरा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

परीक्षेचे दिवस होते. तिचे शेवटचे दोन पेपर राहिले होते. सकाळी ती जिन्यातच मला भेटली. केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेले.

"मावशी, आज बाबा येतील. मी फोन बंद करून ठेवलाय. आले तर मी नाही. काहीही सांगा."

"काय झालं गं?"

"मुलगा आहे एक. बोटीवर असतो. त्याची सुट्टी संपतेय. रविवारी मला देवळात उभी करून देवाचा कौल घ्यायचा, आणि लगेच ते लोक बघायला येणार. मी म्हटलं दोन पेपर होऊ देत, तर म्हणतात पेपर पुन्हा देता येतात. मी आता गेले ना मावशी, तर परत येणार नाही. मला माहीत आहे."

कौल म्हणजे आमच्याकडे देवाला विचारणं. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात आणि उजवीकडची पडते की डावीकडची, ते बघतात. लग्न असो, घर असो, विचारल्याशिवाय लोक पुढे जात नाहीत. त्यांच्या घरी मुलीला समोर उभी करून विचारायची रीत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "तू वर जा, वाच."

तिचे वडील दुपारी आले. मला वाटलं होतं, कोणीतरी रागीट माणूस येईल. आले ते बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, घामाने भिजलेले. चप्पल दाराबाहेर काढली. तसं कोणी काढत नाही. पिशवीत तिच्यासाठी कुळथाचं पीठ आणि कोकमं होती. रेक्टर मॅडम परीक्षेच्या कामाला कॉलेजात होत्या. दारात मी एकटी.

"सुप्रियाला सांगा, बाबा आलेत. संध्याकाळी चेंबूरहून गाडी आहे आमची. दोघांची तिकिटं काढलीत. रविवारी देवळात कौल घ्यायचाय."

मी वर जाऊन आल्यासारखं केलं. "ती आंघोळीला गेली आहे."

"होऊ दे. मी बसतो."

ते बसले. मी केर काढलेली खोली पुन्हा झाडली. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. मग म्हणाले, "दमते का हो ती? फोनवर नीट बोलत नाही. आईशी बोलते, माझ्याशी नाही." मी म्हटलं, "परीक्षा आहे ना." ते म्हणाले, "हो, ते आहेच." आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. असा माणूस ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

बऱ्याच वेळाने ते उठले. "मावशी, आंघोळ झाली असेल आता. हाक मारा तिला. मुलगी बापाला भेटायला येत नाही, असं कसं?"

जिन्याच्या वरच्या वळणावर मला तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. ती ऐकत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर ती खाली आली असती आणि आली असती तर गेली असती, हेही मला दिसत होतं. माझ्या तोंडून निघालं, "तिला रविवारी देवळात नेता यायचं नाही. ती बाजूला बसली आहे."

मोठ्या बाईंच्या घरात, त्यांच्या फोटोपासून चार हातांवर, मी हे बोलले.

वडिलांनी मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाले. "अच्छा, अच्छा," म्हणाले. हातातली पिशवी त्यांनी माझ्या हातात द्यायची ती बाकावर ठेवली आणि जरा मागे सरकले, जणू मीही त्यात आले. मग त्यांनी बायकोला फोन लावला. कमी ऐकू येत असावं, त्यांनी स्पीकर लावला. आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात.

"अगो, चेडू भायर बसलाहा म्हणतत."

तिकडून आवाज आला, "भायर? आता खय? मागच्याच आयतवारी तर..."

आणि तो आवाज थांबला.

आमच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता, तेवढंच ऐकू येत होतं. आई ती, तिला सगळं ठाऊक. आता ती बोलणार, वडील वर जाऊन मुलीला ओढून आणणार, आणि मी खोटारडी ठरणार. वडील म्हणाले, "आं? काय म्हणतंस?"

"काय नाय," ती बाई म्हणाली. "व्हय, व्हय. माझ्याच ध्यानात ऱ्हवला नाय. मगे ती कशी येतली देवळात? तुमी येवा माघारी." थोडं थांबून म्हणाली, "आणि थयच्या मावशेक सांगा, तिका गरम पाणी दी म्हणान. पोटात दुखता तिच्या."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ऐकलंत ना?" म्हणाले. मी म्हटलं, "देते हो."

ते एकटेच गेले. दोन तिकिटांपैकी एकाचं काय केलं कोण जाणे.

मला वाटलं होतं, सुप्रिया खाली येऊन गळ्यात पडेल. ती आली आणि माझ्यावर भडकली.

"मावशी! बाबांना हे सांगितलंत? शी! दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?"

"तूच म्हणालीस ना, काहीही सांगा."

"काहीही म्हणजे हे? मी पोस्टर काय लावलंय दारात आणि तुम्ही काय सांगताय! अहो, ह्याच्यासाठीच तर हे हॉस्टेल काढलं ना त्यांनी? मी ताप आलाय म्हणून सांगितलं असतं!"

"ताप आलेल्या मुलीला बाप उचलून घरी नेतो गं."

ती जिन्यावर बसून रडली. का रडली ते मी विचारलं नाही. तिने दोन्ही पेपर दिले. बोटीवरचा मुलगा सुट्टी संपवून निघून गेला. तो चांगला असेल की वाईट, कोणाला ठाऊक. कौल मागितलाच नाही, त्यामुळे देवाच्या मनात काय होतं तेही राहून गेलं.

रेक्टर मॅडमना मी स्वतःच सांगितलं. त्या आधी हसल्या, चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या. मग एकदम गंभीर झाल्या. "मावशी, मोठ्या बाई असत्या तर त्यांनी त्या वडिलांना समोर बसवून समजावलं असतं."

मी म्हटलं, "गाडी संध्याकाळची होती, मॅडम."

त्या चष्मा पदराने पुसू लागल्या. मी विचारलं, "मी चुकले का?" त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "मला विचारू नका. मला खरंच सांगता यायचं नाही." इतक्या शिकलेल्या बाईला सांगता येत नाही म्हटल्यावर मी कोणाला विचारायचं? फोटोला विचारावं तर ज्या गोष्टीने एका मुलीचा पेपर बुडाला म्हणून त्यांनी ती मोडली, तीच गोष्ट मी दुसऱ्या मुलीचा पेपर वाचवायला वापरली. त्या रागावल्या असत्या की हसल्या असत्या? प्रत्येक भाषणात त्या वेगळ्याच असायच्या. रागावणाऱ्याही असायच्या आणि हसणाऱ्याही.

सुप्रिया चांगल्या मार्कांनी पास झाली. वडील म्हणाले म्हणे, दुसरं स्थळ मिळेपर्यंत एमएस्सी करू दे. म्हणजे शिकायची परवानगी नव्हे, थांबायची. पण ती परत आली. तिला सोडायला या वेळी आई आली होती. वडील शेतावर अडकले होते.

मी त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला ती उंच, थोराड वाटली होती. होती माझ्याएवढीच, ठेंगणी. मुलीचं सामान खोलीत लावून खाली आली. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही दुसरीकडे बघू लागलो. मी तशी लाजरीच. तीही तशीच निघाली.

जेवायची वेळ होती. मी म्हटलं, "चला, जेवून घ्या. मुलींबरोबरच बसा."

ती जेवणघराच्या उंबऱ्याशी आली आणि थबकली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माका आत येवक जमाचा नाय. मी भायर आसय."

मला वाटलं, टोमणा मारते आहे. त्या दिवसाचा हिशोब चुकता करते आहे. माझं तोंड उतरलं असणार, कारण ती घाईने म्हणाली, "नाय वो, खराच. गाडीतच झाला."

तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "इथे चालतं. इथे कोणी बाजूला बसत नाही. मोठ्या बाईंनी बंद केलं ते, हॉस्टेल काढलं तेव्हाच."

तिने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. "बसतच नाय कोण?"

"नाही."

"आणि तुमी ह्यांका सांगितलात बसलीहा म्हणान?"

"हो."

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसत होती. मीही हसले. हसता हसता ती पुन्हा उंबऱ्याकडे बघायला लागली. आत मुली जेवत होत्या, आमटीचा वास येत होता, ती भुकेली होती. एक पाऊल पुढे झालं आणि मागे आलं.

"पुढल्या येळाक येयन," ती म्हणाली. "आज नको. माझ्या मनाक बरा वाटाचा नाय."

मोठ्या बाई असत्या तर त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं असतं. निदान भाषणात तरी तसंच म्हणतात. माझा हात पुढे झालाही. पण तिच्याकडे बघून मी तो मागे घेतला. आत गेले, दोन ताटं वाढली आणि बाहेरच्या खोलीत घेऊन आले. एक तिच्या पुढ्यात ठेवलं, एक माझ्या. ती म्हणाली, "तुमी कित्याक भायर?" मी म्हटलं, "बसा हो, निवांत जेवूया."

सुप्रिया पाणी प्यायला बाहेर आली आणि तिने आम्हाला बघितलं. "आई, तू बाहेर का जेवतेयस? मावशी, तुम्ही पण?" आईने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि सुप्रियाला समजलं. "तुम्ही दोघी म्हणजे ना..." एवढंच म्हणून ती पाय आपटत आत गेली.

जेवता जेवता आई हळू आवाजात म्हणाली, "अजून किती वर्सा शिकतली ही?"

"दोन. पुढेही शिकेन म्हणते."

"ह्यांनी दोन ठिकाणी सांगून ठेवलाहा. परत येतले न्हेवक."

"येऊ देत. बघू."

"बघू काय?" तिने भाताचा घास तसाच हातात धरला. "ह्या कारण म्हयन्यातून एकदाच चालता, मावशी. पुढल्या येळाक आदी माका फोन करा. तारीख जुळाक व्हयी."

मी डाव्या हाताने फोन काढला आणि तिचा नंबर घेतला.